किमान वेतन आणि कमाल कांगावा

मजुरी वाढली की धंदे बुडतात, वाड्या ओसाड पडतात आणि सरतेशेवटी गरिबाच्याच पोटावर पाय येतो, हा युक्तिवाद आपल्या समाजात आता इतका रूढ झाला आहे की तो मांडणाऱ्याला पुराव्याची गरजही वाटेनाशी झाली आहे. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, पतपेढीच्या वार्षिक सभेत तो सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येतो. तो मांडणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांतली पुष्कळशी धर्मग्रामाच्या कार्यात पुढे असतात, गरिबांसाठी ठेवलेल्या पेटीत हात आखडता न घेता पैसे टाकतात, नाताळात आदिवासी पाड्यावर कपडे वाटायला जातात. म्हणूनच या युक्तिवादाचा समाचार घेणे आम्हांला अगत्याचे वाटते. उघड लोभ ओळखता येतो. दुसऱ्याच्या कळवळ्याचे पांघरूण घेऊन आलेला लोभ ओळखणे कठीण जाते. आणि एक गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवतो: मजुरी वाढू नये, त्यातच माझे हित आहे, असे म्हणणारा मजूर आम्हांला अजून भेटायचा आहे.

हा विषय आता काढण्यास निमित्तही आहे. २०१९ साली संसदेने संमत केलेली वेतन संहिता सहा वर्षे कागदावर राहिली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात विलीन झाला. जुना कायदा सरकारच्या यादीत नोंदलेल्या उद्योगांपुरताच होता. ज्याचा उद्योग यादीत नाही, त्या मजुराला किमान वेतन मागण्याचा हक्कच नव्हता. नवी संहिता तो हक्क यादीबाहेरच्या कामगारांनाही देते, आणि ज्याच्या खाली कोणत्याही राज्याला उतरता येणार नाही असे तळाचे वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राला देते. जुन्या कायद्यात कमी वेतन देणाऱ्याला होणारा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये होता. तो आता ५०,००० रुपयांपर्यंत गेला आहे. (जुन्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदही होती, पहिल्या गुन्ह्यासाठी ती नव्या संहितेत राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे.) एवढे होताच ‘आता कोणाला कामाला ठेवणेच नको’ असे सुस्कारे सुरू झाले.

किमान वेतन हा मंत्र्यांनी मतांसाठी हवेतून काढलेला आकडा असतो, अशी काहींची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९५७ साली भरलेल्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून त्याचे माप ठरवले. कमावता माणूस एक, त्याची पत्नी व दोन मुले मिळून आणखी दोन, असा तीन पुऱ्या माणसांचा आहार धरायचा; प्रत्येकी दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न; कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड; सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या लहानात लहान घराचे भाडे; आणि सरपण, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरण्यास सांगितले. सुज्ञ वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी आणि तीतली कोणती बाब चैनीची आहे ते आम्हांला दाखवावे. मजुराचे वृद्ध आईवडील या हिशेबात नाहीतच. मजुराला आईवडील नसतात, अशी बहुधा कल्पना असावी.

आता हेच माप दोन ठिकाणी कसे वापरले गेले ते पाहू. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या अगदी खालच्या पायरीवरील कर्मचाऱ्याचे वेतन ठरवताना श्रम परिषदेचे हे निकष हाती घेतले, ते बाजारभावाशी ताडून पाहिले, आणि १ जानेवारी २०१६ पासून ते वेतन दरमहा १८,००० रुपये झाले. त्या वेळी देश बुडेल, असे आपल्यापैकी कोणी म्हटल्याचे आम्हांला स्मरत नाही. आपल्या घराघरांत रेल्वेत, टपाल खात्यात, शाळांत नोकरी करणारी माणसे आहेत. वेतन आयोगाचा फरक हाती पडला तेव्हा कित्येक घरांना नवी लादी बसली, आणि ती बसलेली पाहून आम्हांलाही आनंदच झाला. त्यानंतर दीड वर्षाने, १ जून २०१७ पासून, देशातील मजुरांसाठी तळाचे वेतन म्हणून दिवसाला १७६ रुपये जाहीर झाले. तेही कायद्याच्या बंधनाविना, निव्वळ शिफारस म्हणून. २६ दिवसांचे ४,५७६ रुपये होतात. चार माणसांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोजचे ३८ रुपये. एकाच बाजारात तांदूळ आणि तेल घेणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला माप लावले तर १८,००० आले, दुसऱ्याला लावलेच नाही तर ४,५७६. तो १७६ चा आकडा पुढे कित्येक वर्षे हलला नाही. २०१९ साली अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने, उष्मांक २,४०० पर्यंत खाली आणूनसुद्धा, जुलै २०१८ च्या किमतींनुसार दिवसाला किमान ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये हवेत असे सांगितले. त्या शिफारशीने १७६ जागचे हलले नाहीत.

महाराष्ट्राने अनुसूचित उद्योगांसाठी ठरवलेले दर या राष्ट्रीय आकड्याहून वर आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण दर ठरणे आणि तो हातात पडणे या दोहोंमध्ये कंत्राटदाराची वही असते. वालीव, गोखिवरे, सातिवली या भागांतल्या औद्योगिक गाळ्यांतून ज्यांनी काम केले आहे त्यांना त्या वहीची ओळख करून देण्याची गरज नाही. सही एका आकड्यावर होते, मोजून दुसराच आकडा मिळतो.

“पण परवडत नाही, त्याला काय करावे?” हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच देऊन ठेवले आहे: ज्या उद्योगाला कामगारांना निदान जगण्यापुरते वेतनही देता येत नाही, त्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही. हे कठोर वाटेल. परंतु ज्याला विजेचे बिल परवडत नाही त्याला वीज मंडळ अर्ध्या दरात वीज देत नाही, आणि ज्याला कच्चा माल परवडत नाही त्याला व्यापारी माल फुकट देत नाही. मालकाच्या अडचणीतला वाटा उचलायला नेहमी मजुरालाच का बोलवावे? त्याच्या जवळ तर सर्वांत कमी असते.

दुसरा प्रश्न अधिक वरमलेल्या आवाजात येतो. “ती राजीखुशीने येते, आम्ही कोणावर जबरदस्ती केलेली नाही.” साऱ्या वादाचे मर्म या ‘राजीखुशी’ शब्दात आहे, असे आम्हांला वाटते. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू असताना तेथील मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी दिले जात होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की जबरदस्ती फक्त काठीने होत नाही. भुकेने आणि दारिद्र्याने ज्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तो किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबत असेल तर ती घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय. या निकालाच्या ९१ वर्षे आधी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात जवळजवळ हीच गोष्ट सांगितली होती: मालक आणि मजूर यांनी आपसांत करार खुशाल करावा, पण त्या कराराच्याही आधीचा एक नैसर्गिक न्याय आहे; काटकसरीने राहणाऱ्या सालस मजुराचे पोट भरेल इतके वेतन त्याला मिळालेच पाहिजे; आणि गरजेपोटी त्याने त्याहून कमी स्वीकारले, तर तो अन्यायाचा बळी ठरतो. रोम आणि दिल्ली यांचे इतके एकमत झालेला विषय विरळा. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ हे नाव घेताना या परिपत्रकाचाच दाखला दिला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. आपल्याकडे त्या नावाचे कौतुक पुष्कळ झाले, फलक लागले. परिपत्रक कितीजणांनी उघडले असेल?

आता रोजगार बुडण्याच्या भीतीकडे वळू. ही भीती तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेत १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्वेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही बाजूंच्या ४१० उपाहारगृहांची वाढीपूर्वी आणि वाढीनंतर पाहणी केली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. इतरांनी वेगळे आकडे मांडून त्यांच्याशी वाद घातला, तो वर्षानुवर्षे चालला. पण २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांत कार्ड होते. क्रूगर तोवर हयात नव्हते. जर्मनीने १ जानेवारी २०१५ पासून प्रथमच सर्वांसाठी तासाला साडेआठ युरो हे किमान वेतन आणले, तेव्हाही लाखो नोकऱ्या जातील अशी भाकिते झाली होती. ती खरी ठरली नाहीत. २०२६ च्या आरंभी तो दर १३.९० युरोवर गेला. इतके दूर जायचे नसेल तर केरळ पाहावे. ग्रामीण मजुरीचे दर देशात सर्वाधिक तेथे आहेत, आणि म्हणून तेथे मजुरांना काम मिळेनासे झाले असे घडले नाही. उलट बंगाल, ओडिशा, आसाममधून मजुरांचे लोंढे तेथे जातात. कोणतीही वाढ कितीही केली तरी चालते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. एका रात्रीत दर चौपट करा असे कोणी म्हणत नाही. १७६ चे ३७५ करण्याविषयी बोलणे चालू आहे.

मग देशात पैसाच नाही काय? २०२४ च्या मार्चमध्ये थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील विषमतेचा शंभर वर्षांचा आलेख मांडला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे २०२२-२३ साली देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या १ टक्का लोकांकडे होता; उत्पन्नातला हा वाटा ब्रिटिश अमदानीतल्यापेक्षाही मोठा आहे. हे परक्या पंडितांचे मत म्हणून कोणाला बाजूला सारायचे असेल, तर २०२४-२५ ची सरकारची आर्थिक पाहणी वाचावी. २०२३-२४ या वर्षी देशातल्या बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्याकडील रोजगार अवघा १.५ टक्क्याने, असे तीत लिहिले आहे. वरचा हंडा भरला की खाली झिरपेल, असे १९९१ पासून आपल्याला सांगण्यात येत आहे. हंडे मात्र मोठे होत गेले.

वसईकराला हा वाद नवा वाटण्याचे काही कारण नाही. हा वाद आपल्या उत्तरेला, डहाणू, तलासरी आणि उंबरगावच्या जंगलपट्टीत, १९४५ साली पुरा होऊन गेलेला आहे. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत वारली कापत. सावकार-जमीनदारांच्या कुरणांवर दिवसभर राबून त्यांच्या हाती जे पडे त्याला मजुरी म्हणणे कठीण होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेने मागणी केली: ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये. मागणी येताच जमीनदारांनी सांगितले ते आज चर्चच्या आवारात ऐकू येते त्याहून वेगळे नव्हते. इतका दर परवडणार नाही, गवत कुजेल, बाहेरून कोणीतरी येऊन भोळ्या माणसांना चिथावले आहे. त्या ऑक्टोबरात तलवडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात पाच जण मेले. संप तरीही मोडला नाही, दर द्यावा लागला. त्यानंतर मुंबईच्या म्हशी उपाशी मेल्याची नोंद कोठे नाही.

आणि आपल्या स्वतःच्या तालुक्यातले? लग्नासाठी घेतलेल्या उचलीपोटी नवरा-बायको दोघांनाही मालकाकडे राबावे लागे, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला, तरीही वसई तालुक्यात आदिवासी वेठबिगार होते आणि त्यांच्या मुक्तीसाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. ज्यांचे गडी सुटले त्या मालकांचीही तक्रार हीच होती की आम्ही त्यांना सांभाळले, लग्ने लावून दिली, आता हे उलटले. ‘राजीखुशी’ तेव्हाही होती. अंगठ्याचा ठसा होता.

एका आक्षेपाला मात्र आम्ही आदराने उत्तर देऊ इच्छितो, कारण तो खरा आहे. वीस-पंचवीस गुंठ्यांची वाडी असलेला आपला शेतकरी म्हणतो, “माझ्याच हाती वर्षअखेर किमान वेतनाएवढे राहत नाही, मी गड्याला कोठून देऊ?” ही ओरड खोटी नाही. विहिरींचे पाणी खारट झाले, खाजणे भरली गेली, पावसाचे पाणी जायला वाट उरली नाही. हरित वसईच्या चळवळीत नव्वदच्या दशकात आपण रस्त्यावर उतरलो ते याचसाठी. फुले दादरच्या बाजारात पोचली की भाव दलाल सांगेल तो. पानवेलीची मशागत करणारी माणसे म्हातारी झाली. अशा शेतकऱ्याला गड्याचा रोज जड जातो हे आम्ही जाणतो. परंतु त्याच्या हाती पैसा का राहत नाही, याची कारणे मोजायला बसले तर गड्याचा रोज त्यांत फार खालच्या क्रमांकावर येतो. ज्यांनी पाणी नेले आणि भाव पाडला त्यांच्याशी भांडणे अवघड आहे. गड्याशी सोपे आहे, तो बांधावरच उभा असतो. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. भातासारख्या पिकाचा हमीभाव ठरवताना शेतकऱ्याच्या घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मजुरीच्या दरानेच धरतात. मजुरीचा दर पडका ठेवण्यात धन्यता मानणारा शेतकरी स्वतःच्या, स्वतःच्या बायकोच्या आणि आईच्या घामाची किंमतही तेवढीच पडकी ठेवत असतो. शेतकरी आणि शेतमजूर यांनी मिळून मागण्यासारखे पुष्कळ आहे: भाव, पाणी, स्वस्त कर्ज. एकमेकांच्या खिशात हात घालून दोघांपैकी कोणाचेच भागणार नाही.

तेव्हा त्या शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण त्याचे नाव पुढे करून बोलणाऱ्यांशी आहे. वाडीच्या अर्ध्या भागात ज्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत, ते अकरा महिन्यांचा करार संपताच भाडे वाढवून मागतात. महागाई वाढली, हे कारण त्यांना पुरते. त्याच खोलीत राहणाऱ्या मजुराचा रोज वाढवायचा म्हटले की महागाई कोठे जाते? किमान वेतनाचा फेरविचार पाच वर्षांतून निदान एकदा व्हावा, असे कायदा म्हणतो. घरभाड्याला इतका धीर धरण्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आपल्या समाजात किमान वेतनाची थोरवी खरोखर कोणाला ठाऊक असेल तर ती बोटीवर जाणाऱ्यांना. गोव्यातला तारवटी, वसईतला खलाशी, यांच्या पगारावर आपल्याकडची किती घरे उभी राहिली, किती बहिणींची लग्ने झाली! जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत जहाजमालक आणि खलाशी यांचे प्रतिनिधी एकत्र बसून कुशल खलाशाच्या किमान मूळ पगाराचा आकडा ठरवतात. २०२५ साली तो महिन्याला ६७३ डॉलर होता. जगात दुसऱ्या कोणत्याही धंद्याला अशी आंतरराष्ट्रीय सोय नाही. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीसाठी निम्म्या पगारात राजीखुशीने चढणारी उपाशी माणसे शोधली तर हजारोंनी सापडतील. बाजारभाव म्हणावा तर तोच. आपल्या मुलांना त्या बाजारभावाने नेऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती आहे म्हणून समुद्रावरचा व्यापार थांबलेला नाही. बोटीवरच्या मुलाच्या पैशांनी बांधलेल्या घरात बसून, भांडी घासणाऱ्या बाईच्या पगाराबद्दल ‘बाजारभाव पाहा’ असे म्हणणे आम्हांला शोभत नाही असे वाटते.

त्या बाईकडेच येऊ. तिच्या बाबतीत कायद्याचा हात अजून चाचपडतो आहे. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १६ जून २०११ रोजी जिनिव्हात संमत झाला. भारताने बाजूने मत दिले, पण तो करार लागू मात्र केला नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात वेतनाचा दर नाही. कर्नाटकाने २००४ सालीच दर ठरवून दाखवला होता. खासगी घराला आस्थापना म्हणावे काय, याचे स्पष्ट उत्तर नव्या वेतन संहितेत सापडत नाही. ज्यांनी या स्त्रियांना आधी संघटित केले त्यांत सिस्टर जीन डेव्होस यांचे नाव अग्रभागी आहे. बेल्जियमहून आलेल्या या धर्मभगिनीने १९८५ साली राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली आणि मुंबईत राहून ती वाढवली. त्यांच्यावर आपल्याकडे लेख लिहून झाले आहेत. तरीही घराघरांतला रिवाज तोच: भांड्यांचे इतके, लादीचे इतके, कपड्यांचे इतके, खाडा झाला की पैसे कापायचे, पाहुणे आले की जास्तीची भांडी फुकट, आणि वर्षातून एकदा जुनी साडी दिली की उपकार वर्षभर पुरवायचे.

कायद्याची वाट न पाहता हिशेब करता येतो. दिवसाचे ३७५ रुपये आणि कामाचे आठ तास धरले तर तासाचे ४७ रुपये होतात. घरात रोज एक तास काम होत असेल तर महिन्याचे १,४०० च्या वर जातात. दोन तासांचे २,८०० च्या वर. आणि हा आकडा २०१८ च्या किमतींचा आहे, तळाचा आहे, शहरातले घरभाडे त्यात धरलेले नाही. आपण आज काय देतो ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते शेजारी लिहून पाहावे.

काही सुशिक्षित बंधू येथे द्राक्षमळ्याचा दाखला देतात. मळ्याच्या धन्याने शेवटच्या घटकेला आलेल्यांनाही पुरता दीनार दिला आणि कुरकुरणाऱ्यांना ठणकावले की माझ्या पैशांचे मी मला वाटेल ते करीन. म्हणजे मालकाला मोकळीक असावी! दाखला बरोबर आहे, वाचन उफराटे आहे. त्या धन्याने आपली मोकळीक ठरल्यापेक्षा अधिक देण्यासाठी वापरली. एका तासाच्या कामाला एका तासापुरते देऊन तो मोकळा झाला असता तर त्या माणसाच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती, म्हणून त्याने दिवसाचे दिले. ठरल्यापेक्षा कमी देण्याची मोकळीक त्या दाखल्यात कोणालाही मिळत नाही. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी कोणाच्या कानी पोचते, हे याकोबाच्या पत्रात वेगळे सांगितलेच आहे.

हीच मोजपट्टी आपल्या संस्थांनाही लागू झाली पाहिजे, असे म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. विनाअनुदानित वर्गांवर दहा-दहा वर्षे तात्पुरती राहिलेली शिक्षिका, कंत्राटावर घेतलेला पहारेकरी, दफनभूमीची साफसफाई करणारा गडी, सणाच्या जेवणावळीत रात्री दोनपर्यंत ताटे धुणारी आदिवासी मुले, यांना सेवाभावाचे व्याख्यान देऊन भागत नाही. सेवा ज्याची त्याने करावी. पगार ज्याचा त्याला द्यावा. संस्थेचा ताळेबंद दरवर्षी छापला जातो. त्यात सर्वांत कमी पगार घेणाऱ्या माणसाचा पगार किती, ही एक ओळ वाढवण्यास फारशी शाई लागणार नाही.

आमची सूचना साधी आहे आणि ती धर्मग्राम परिषदेच्या येत्या बैठकीत ठेवता येईल. महाराष्ट्रात किमान मूळ वेतनावर मिळणाऱ्या विशेष भत्त्याचे दर जानेवारी आणि जुलै अशा सहामाहीने बदलत आले आहेत. ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडून जाहीर होतात. हे दर काढून आणायला एक माणूस आणि अर्धा दिवस लागतो. चर्चच्या फलकावर जेथे लग्नाच्या घोषणा लागतात, तेथेच दर सहा महिन्यांनी तीन ओळींचा कागद लावावा: आपले परिमंडळ कोणते, अकुशल कामगाराचा महिन्याचा दर किती, आणि त्याला २६ दिवसांनी व ८ तासांनी भागले की तासाचे किती होतात. कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असावा, म्हणजे मिस्सेला आलेल्या मालकाला तो वाचता येईल आणि आवार झाडणाऱ्या बाईलाही.